पाठवणीची वाइन

राउशानने ग्लास नाकाजवळ नेला, वास घेतल्यासारखं केलं आणि एका घोटात रिकामा केला. समोरच्या झीबेकने मात्र घोट तोंडात घोळवला आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत हळूच थुंकला. मग रुमालाने ओठ टिपले, तेही असे की लिपस्टिक जागची हलली नाही.

"ही नको. पाणचट आहे," राउशान म्हणाली.

"मला बरी वाटली, आपाय. हलकी आहे. जेवणाबरोबर चालेल."

"हलकी म्हणजेच पाणचट."

गोदामाचा मालक गेन्नादी पाक दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. लग्नाच्या हंगामात त्याच्याकडे अशा बऱ्याच जोड्या येत. आई आणि मावशी, सासू आणि सून, क्वचित दोन विहिणी. या दोघींचं नातं त्याला अजून उलगडलं नव्हतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. त्याने मुकाट्याने पुढची बाटली उघडली.

"ही बघा, मोल्दोव्हाची. थोडी गोड, चांगली कडक. स्वस्त आहे, पण टेबलावर स्वस्त दिसत नाही. तीनशे पाहुणे म्हणालात ना? तीनशे पाहुण्यांना चव कळत नसते, ताई. त्यांना ग्लास भरलेला लागतो."

"किती कडक?" झीबेकने विचारलं.

"अंगात ऊब येईल इतकी."

"आकडा सांगा ना."

गेन्नादीने बाटली फिरवून आकडा वाचून दाखवला. झीबेकची मान नकळत नकारार्थी हलली. राउशानने ते पाहिलं आणि लगेच ग्लास पुढे केला.

"मला ओता ती."

वाइन निवडायचं काम खरं तर झीबेकला सांगितलं होतं. तोगझानने परवा स्वयंपाकघरात चहा पिता पिता सहज म्हटलं होतं, "पेयांचं बाबा बघणार आहेत, आई. म्हणजे झीबूच बघेल. तिला त्यातलं कळतं." राउशानच्या हातातली बशी तशीच राहिली होती. झीबू! पोटची पोर आपल्या बापाच्या दुसऱ्या बायकोला लाडाने हाक मारते, आणि तीही आईच्याच ओट्याला टेकून. "मीही जाईन," राउशान म्हणाली होती. "पाठवणी माझ्या लेकीची आहे." तोगझानने खांदे उडवले होते. आणि आज सकाळी झीबेकची पांढरी गाडी दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा राउशान आपला ठेवणीतला कोट घालून आधीच खाली थांबली होती.

झीबेक वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती वाईट नव्हती. औषधांच्या दुकानात काम करायची, मोजकं बोलायची, राउशानला वयाचा मान देऊन 'आपाय', म्हणजे थोरली ताई, म्हणायची. तिचं वय, तिची कंबर, रेशीम असा अर्थ असलेलं तिचं नाव, हे सगळं राउशानने केव्हाच माफ केलं असतं. माफ होत नव्हती ती एकच गोष्ट. केनेसने तिच्यासाठी दारू सोडली होती.

वीस वर्षं राउशानने त्याच्याशी संसार केला. त्याला जिन्यावरून ओढत वर आणलं, पूल-रस्त्यांच्या कचेरीत त्याच्या साहेबांपुढे हात जोडले, दिराच्या लग्नात तो टेबलाखाली गेला तेव्हा हसून वेळ मारून नेली. शेवटी एका सकाळी तिनेच त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. वर्षभरात बातमी आली: केनेस सकाळी पोहायला जातो, केनेसचा रंग उजळला, केनेस समारंभात नुसतं पाणी पितो. नातेवाइकांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य. बाई योग्य भेटली की माणूस सुधारतो. म्हणणारे सहज म्हणायचे, राउशानसमोरही म्हणायचे. ती मान डोलवायची आणि ताटातल्या मांसाचे बारीक बारीक तुकडे करत बसायची.

मोल्दोव्हाची वाइन खरंच कडक होती. राउशानच्या कानशिलांवर ऊब आली.

"ही छान आहे," ती म्हणाली. "हीच घेऊ. व्याही शिमकेंतचे आहेत. दिलखुलास माणसं. त्यांच्यापुढे सरबत ठेवून हसं करून घ्यायचं का?"

"व्याह्यांतले काही जण नमाजी आहेत, आपाय." झीबेकने नजर गेन्नादीकडे वळवली. "तुमच्याकडे दारूचा अंश काढलेली असते ना? दिसायला अगदी वाइनसारखी? मुख्य टेबलापुरती हवी होती."

"आहे की. गाडी चालवणारे नेतात. नाहीतर पोटुशा बायका." गेन्नादी हसला आणि मागच्या फळ्यांकडे गेला.

राउशानचा ग्लास हवेतच थांबला. घोट बादलीत थुंकणं. किती कडक, किती कडक म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं. अंगावरचा हा सैल झगा. पंचावन्नाव्या वर्षी केनेस पुन्हा बाप होणार होता! धुतलेल्या, पोहून आलेल्या, शुद्धीतल्या बापाच्या मांडीवर ते मूल खेळणार होतं. तोगझानच्या वाट्याला असा बाप एक दिवस आला नाही. आणि ही गोड बातमी बहुधा पाठवणीच्याच दिवशी कानोकानी फिरणार. तीनशे पाहुणे एका डोळ्याने नवरीकडे बघतील आणि दुसऱ्याने झीबेकच्या पोटाकडे.

"तू एकही घोट गिळत नाहीस," राउशान गोड आवाजात म्हणाली. "डॉक्टरांनी मनाई केली आहे वाटतं?"

आधी झीबेकच्या लक्षात आलं नाही. मग आलं, तशी ती लाल झाली.

"नाही हो, आपाय. गाडी चालवायची आहे ना."

"हो का? मला वाटलं, पेढे वाटायचे आहेत."

झीबेक टेबलावरची बुचं एका ओळीत लावत राहिली. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. पडद्यावरचं नाव पाहून ती उठून उभी राहिली, पण खोक्यांच्या दाटीत दूर जायला जागा नव्हती. दोन पावलं सरकून तिने राउशानकडे पाठ केली.

"हं, बोल. हो, इथेच आहोत. आपाय पण आहेत." जरा वेळ ती नुसती ऐकत राहिली. "कोणती बाई? सूत्रसंचालन करणारी? तिचं नाव काय म्हणालास?"

राउशान पुढच्या ग्लासाकडे हात नेत होती. हात थांबला.

"ऐकू नाही आलं रे. पूर्ण नाव सांग. वडिलांच्या नावासकट."

झीबेकची मान एका बाजूला कलली होती. डोळे मिटलेले होते. दुसरा कान तिने तळहाताने दाबून धरला होता आणि श्वास रोखला होता. नाव टिपून घ्यायला तिच्या हातात पेन नव्हतं. तिला नाव नकोच होतं.

राउशानला ते उभं राहणं ओळखीचं होतं. ती स्वतः तशीच उभी राहत असे, ती कामाला होती त्या बालवाडीच्या कार्यालयात, फोन कानाला लावून, भिंतीकडे तोंड करून. "तोगझानच्या वर्गबाईंचं नाव काय रे, मी विसरले," असं केनेसला विचारायची. बाईंचं नाव होतं येकातेरीना व्लादिस्लावोव्ना. त्याच्या तोंडून 'व्लादिस्लावोव्ना' सरळ आलं तर संध्याकाळी घरी पाहुणे बोलवायला हरकत नसे. जीभ अडखळली तर ती तोगझानला घेऊन बहिणीकडे जाई.

"बरं," झीबेक म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "जेवून घे. मी येतेच."

ती परत येऊन बसली. लावलेल्या बुचांतलं एक बूच उचलून तिने पुन्हा तिथेच ठेवलं.

राउशानला आधी आनंद झाला. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. आनंद पोटातून वर आला, वाइनपेक्षा जास्त ऊब घेऊन, आणि तिला वाटलं, आत्ता या गोदामात नातेवाईक सगळे हजर हवे होते. योग्य बाई! ती खुर्चीत ताठ बसली. मग तिची नजर झीबेकच्या हातांकडे गेली. नखं पार मांसापर्यंत कुरतडलेली होती. एवढी नीटनेटकी बाई, आणि नखं तशी. राउशानने आपले हात मांडीवर ओढून घेतले. तिची नखं आता वाढलेली, रंगवलेली होती. ती वाढायला किती काळ लागला होता, ते तिला आठवलं.

गेन्नादी बिनदारूची बाटली घेऊन आला. "ही घ्या. चव काही खास नाही, आधीच सांगतो."

"ओता," राउशान म्हणाली. तिने ग्लास खिडकीकडे धरून पाहिला. "रंग चांगला आहे. मघाची ती हलकी लाल होती, तिच्याशेजारी धरा बरं."

गेन्नादीने धरला. दोन्ही लाल सारखेच दिसत होते.

"मग मघाची हलकीच द्या सगळ्यांना. लाल आणि पांढरी. आणि मुख्य टेबलाला ही."

"पण ताई, मघाशी तुम्हीच म्हणालात पाणचट आहे म्हणून."

"मघाशी माझ्या जिभेला चव नव्हती."

"आणि शिमकेंतची दिलखुलास माणसं?"

"त्यांना कोन्याक ब्रँडी लागते, ती ते स्वतःच्या गाडीतून आणतात. तुम्ही काळजी करू नका." राउशान झीबेककडे न पाहता बोलत राहिली. "बाटल्या टेबलावर ठेवायच्या नाहीत. वेगळी बाटली कोणाच्याही डोळ्यांत येते. वाइन सुरयांत ओतून ठेवायची, सगळ्याच टेबलांवर, म्हणजे मुख्य टेबलावरची सुरई वेगळी वाटणार नाही. आणि नवरीच्या बापाचा ग्लास वाढप्यांनी भरायचा नाही. त्याच्या शेजारी बसणारीने भरायचा. व्याह्यांपैकी प्रत्येक जण उठून दोन शब्द बोलणार आणि प्रत्येकाला त्याने ग्लास उचलून दाद द्यायला हवी. न उचलून चालणार नाही."

झीबेकने मान वर केली. राउशान तिच्याकडे पाहत नव्हती. ती गेन्नादीला सुरया किती मोठ्या आहेत ते विचारत होती.

परतताना रस्ता उताराचा होता. मागच्या काचेत डोंगर होते, त्यांच्या माथ्यावर नवं बर्फ पडलेलं. फुटपाथवर बायका बादल्या मांडून सफरचंदं विकत होत्या. एका सिग्नलला गाडी थांबली. हिरवा दिवा लागला तरी ती हलेना. मागच्याने भोंगा वाजवला, तेव्हा झीबेकने गाडी पुढे घेऊन एका झाडाखाली उभी केली.

"उन्हाळ्यापासून पितोय पुन्हा," ती म्हणाली. "कोणाला ठाऊक नाही. तोगझानलाही नाही."

"तिला कळता कामा नये. पाठवणी होईपर्यंत तरी."

"मी नेमकं काय चुकले, तेच कळत नाही मला."

यावर राउशानला पुष्कळ बोलता आलं असतं. तिने पर्सचा चाप एकदा उघडला आणि मिटला. "तू काही चुकली नाहीस," ती म्हणाली. ते वाक्य आपल्यालाही कोणीतरी कधीतरी म्हणायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं.

"आपाय, एक विचारू? तो पूर्वी बाटली कुठे लपवायचा?"

राउशान समोरच्या काचेतून बाहेर पाहत राहिली. केनेसचं जे जे होतं ते सगळं या बाईकडे गेलं होतं. त्याची सकाळ, त्याचं हसणं, त्याची लेकसुद्धा अर्धी. एवढी एकच गोष्ट आपल्याकडे उरली आहे, हे तिला आत्ता कळत होतं, आणि ती द्यायला जीभ लवकर उचलत नव्हती.

"हिवाळी बुटांत," शेवटी ती म्हणाली. "डाव्या बुटात."

"बघितलं. नाही."

"संडासाच्या टाकीत. दोरी बांधून सोडायचा."

"तिथेही बघितलं."

"पिठाच्या डब्यात? गाडीच्या सुट्या चाकाखाली? बाल्कनीत स्कीच्या पिशवीत?"

झीबेक प्रत्येक वेळी मान हलवत होती. "सगळं पालथं घातलं, आपाय. मिळत नाही, पण वास येतो."

राउशानच्या छातीत बारीकशी कळ आली. ती तिची जुनीच कळ होती आणि ती इथे, या वेळीही यावी याची तिला लाज वाटली. माझ्यासाठी तो एवढे कष्ट घेत नव्हता, तिला वाटलं. हिच्यासाठी त्याने नव्या जागा शोधल्या.

घर आलं. राउशान उतरली, कोट सारखा केला आणि पुन्हा खिडकीशी वाकली.

"उद्या तो कामावर गेला की मला फोन कर. मी येते. दोघी मिळून शोधू."

"आणि मध्येच आला तर? काय सांगू?"

"सांग, विहीणबाईंना द्यायचं कापड निवडायला आले आहे. एक-दोन कापडं काढून पलंगावर टाकून ठेव."

झीबेकने मान डोलावली. डोळे पुसताना या वेळी तिची काजळाची रेघ विस्कटली आणि तिने ती तशीच राहू दिली.

राउशान जिना चढू लागली. झीबेकच्या घरात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तरी ती मनाने एकेका खोलीतून फिरू लागली. त्याचा हात कुठवर पोहोचतो, अंधारात तो कोणत्या बाजूला वळतो, सगळं तिला पाठ होतं. खालच्या खणात तो ठेवणार नाही, कारण वाकलं की त्याचा उजवा गुडघा दुखतो.

जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ती थांबली. आताशा तो रोज पोहायला जातो. गुडघा अजून दुखतो का, हे आता तिला झीबेकला विचारावं लागणार होतं.