सासूबाई, मला धूर हवाय!

अहो, इकडे! पाहणी करणाऱ्या ताईंच्या पिशवीतून बोलतेय मी, धूर मोजणारी डबी. दिसायला साबणाच्या वडीएवढी, पण पोटात एक चिमुकला पंखा आहे आणि त्याच्यामागे पांढराशुभ्र कागद. पंखा हवा ओढतो, काजळी कागदावर बसते. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत दिवसभरात किती धूर जातो, ते मी सांगते. माझ्या बहिणी देशोदेशी अशाच कुणाकुणाच्या गळ्यात लटकल्यात. सगळ्यांचे कागद एका मोठ्या प्रयोगशाळेत जमणार आणि जिथे धूर जास्त, तिथे बिनधुराच्या चुली आधी पोचणार.

माझा जन्म अशा कारखान्यातला, की तिथे धुळीच्या कणालाही आत यायची बंदी. त्यामुळे धूर मला फक्त ऐकून माहीत. पहिल्या घरी निघाले तेव्हा आनंदाने नुसती गरगरत होते!

ताईंनी मला सूनबाईंच्या गळ्यात घातलं. "रोज करता तसाच स्वयंपाक करा हं," असं बजावून त्या गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच सासूबाईंनी बाह्या सरसावल्या.

"आपल्या घराची परीक्षा आहे ही. नाक कापलं जाता कामा नये!"

मग काय विचारता! सासूबाईंच्या मुलाने चूल उचलून अंगणात नेली. शेजारून वाळकी लाकडं आली. वर्षानुवर्षं न उघडलेली खिडकी धक्के मारून उघडली. ज्या मुलाला घरात मीठ कुठे असतं ते ठाऊक नव्हतं, तो ताट घेऊन धूर पलीकडे हाकत उभा राहिला. सूनबाईंना खोकला आला, तर सासूबाई म्हणतात, "तिकडे तोंड करून खोक गं, डबी ऐकेल!"

अहो, मी खोकला नाही मोजत! मला हसू आवरेना. पोट मात्र रिकामंच. पाहुणीला घरी बोलवायचं आणि उपाशी ठेवायचं, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला उघडलं. कागद कोरा.

"अरे वा, तुमच्याकडे धूर नाहीच म्हणायचा. मग नवी चूल तुम्हाला इतक्यात लागणार नाही."

"मग! आहेच आमचं घर तसं," सासूबाई म्हणाल्या. पहिला नंबर आल्याचा आनंद नुसता!

तेवढ्यात सूनबाईंना उबळ आली. आली ती थांबेचना. बिचारी उंबऱ्यातच बसली, डोळ्यांत पाणी. मी आतल्या आत ओरडत होते, अहो, हा कागद खोटा आहे! पण डबीचं कोण ऐकतं? ताई तशाच निघून गेल्या असत्या, तर या बाईला तोच धूर जन्मभर गिळावा लागला असता. मला फार भीती वाटली.

सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, कॉपी केली आम्ही."

सगळा प्रकार ऐकून ताई पोट धरधरून हसल्या. नवा कागद घालून त्यांनी मला पुन्हा सूनबाईंच्या गळ्यात अडकवलं. चूल जागेवर आली, नेहमीची ओलसर लाकडं आली. सून आल्यापासून सासूबाई चुलीकडे फिरकल्या नव्हत्या, त्या दिवशी मात्र शेजारी ठाण मांडून बसल्या. आणि धूर आला! असा आला, की माझी सगळी हौस पहिल्या घासालाच फिटली.

"रोज एवढा असतो?" डोळे पुसत सासूबाईंनी विचारलं.

"रोजच, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीही कधी बोलला नव्हतात ना."

 सासूबाईंनी फुंकणी तेवढी सुनेच्या हातातून काढून घेतली.

आज ताईंनी कागद काढला, तर पातेल्याच्या बुडासारखा काळा. सासूबाईंनी त्यावर बोट टेकवलं. "हे एका दिवसाचं?" एवढंच बोलल्या.

आता मी पुढच्या घरी निघालेय आणि पुन्हा हुरळलेय, काय करू, स्वभावच तसा! तुमच्याकडे आले, तर एवढंच करा, माझ्यासाठी घर आवरू नका. जसं आहे तसं दाखवा. कागदांना लांबचा प्रवास आहे, नवी चूल यायला वेळ लागेल.

पिशवीची चेन लागत होती, तेव्हा सासूबाईंचा आवाज कानावर आला.

"अरे, चूल उचल. अंगणात ने."

"पण आई, परीक्षा संपली ना?"

"संपली म्हणूनच ने."