विरळ सूत

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं आणि आमच्या खोलीत टांगला होता एक बोडका बल्ब. वर काळी पडलेली पत्र्याची थाळी, तिच्यावर माश्यांचे ठिपके. असल्या उजेडात हलव्याचे दागिने घालून बसायचं म्हणजे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं. मला ते मुळीच चालणार नव्हतं.

नागपुरात गोळीबार चौकाजवळ आम्ही तिघं भाड्यानं राहत होतो. मी, आमचे हे आणि सासरे देवाजी, ज्यांना मी मामंजी म्हणते. मालक आनंदराव त्याच घराच्या पुढच्या भागात राहायचे. त्यांची एकच अट, घर जसं दिलं तसं परत. खिळा ठोकायचा नाही, वायरला हात लावायचा नाही, जमीन उकरायची नाही. यातल्या शेवटच्या कलमानं मामंजींचा घात केला. ते कोष्टी, त्यांचा खड्डामाग. खड्ड्यात पाय सोडून बसल्याशिवाय तो चालतच नाही. जुनं घर रस्तारुंदीत गेलं तसा माग सुटा होऊन कुहीला नणंदेकडे जाऊन पडला. तेव्हापासून मामंजी ओट्यावर बसून नुसती बोटं चोळायचे. मला ते बघवत नसे.

अशात सीताबर्डीच्या एका दुकानात मी वेताचा गोल दिवा पाहिला. काचेला नाक लावून इतका वेळ पाहिला, की हे लाजून पुढे निघून गेले. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. एक मोठा फुगा घ्यायचा, त्यावर खळीत बुडवलेलं सूत गुंडाळायचं, वाळलं की फुगा फोडायचा. वरच्या भोकातून होल्डर घातला आणि त्याची चकती पिळली की झालं. बल्ब तेवढा कमी वॉटचा, म्हणजे सूत करपणार नाही. थाळी जपून ठेवायची, घर सोडताना परत लावायची. आनंदराव काय बोलणार?

सूत मामंजींच्या पेटीत होतं आणि खळ करावी तर त्यांनीच. सांगितलं मात्र, ते ताडकन उठले. सुताच्या लाल-पिवळ्या कांड्या बाहेर आल्या, चुलीवर तांदळाची खळ रटरटू लागली. मला तर स्वयंपाक सुचेना. गोळा अंगणात उन्हात वाळला, फुगा फट्कन फुटला, मी स्टुलावर चढून दिवा लावला आणि बटण दाबलं.

उजेडच नाही. बल्ब पेटला होता, पण मडक्यात कोंडल्यासारखा. मामंजींनी धाग्याला धागा असा भिडवला होता, की सुईलाही वाट नव्हती. मला रडूच आलं. हळदीकुंकू परवावर आलं होतं. उजेड बाहेर यायचा कुठून, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "इतकं विरळ कसं सोडू वं पोरी? लोकं म्हणतीन, देवाजीनं सूत खाल्लं."

मग मला उमगलं. जन्मभर सूत यायचं सेठकडून, वजन करून. लुगडं विरळ उतरलं की विणकर चोर. त्यांच्या बोटांना फट ठेवणं ठाऊकच नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"हे सूत कोणाचं आहे, मामंजी?"

"माह्यं."

"मग तुम्ही चोरणार कोणाचं?"

ते माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले. माग गेल्यापासून पहिल्यांदा हसले. लगेच दुसरा फुगा तोंडाला लावला.

हळदीकुंकवाला दिवा लागला आणि चारही भिंतींवर धाग्यांची जाळी पसरली. बायका तिळगूळ हातात धरून वरच बघत बसल्या. मी तर आनंदानं नुसती भिरभिरत होते. मालकीणबाई कुसुमावतींनी नवऱ्याला हाक मारून बोलावलं. आनंदराव कपाळाला आठ्या घालूनच दारात आले, काय ठोकलं म्हणून. मी बटण बंद केलं, चकती पिळून गोळा उतरवला, थाळी चढवली, मग ती काढून गोळा परत लावून दाखवला. 

कुसुमावती म्हणाल्या, आमच्या बैठकीत अस्साच पाहिजे. आनंदरावांनी ओट्यावरच्या मामंजींना करून द्यायला सांगितलं.

मामंजी उठून दारात आले. "देतो जी. पण मले खड्डा पायजे."

माझ्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. आता हे घर सोडावं लागतं की काय, असं मला वाटलं.

"जमीन उकराची नाई, ठरलं होतं गा देवाजी."

"जशी देल्ली तशी परत देईन. माती पोत्यात भरून ठेवतो. सुनेनं थाळी ठेवली ना, तशी."

आनंदरावांनी बायकोकडे पाहिलं. बाई दिव्याकडे बघत होत्या.  मग आनंदरावांनीच विचारलं, कोणत्या कोपऱ्यात?

माग बसच्या टपावरून आला. त्या पहिल्या अंधाऱ्या गोळ्याचं तोंड मोठं कापून मामंजी त्यात कांड्या ठेवू लागले. मातीची पोती मी स्वतः शिवली. आजही ती मागच्या भिंतीशी उभी आहेत. आनंदराव येता-जाता त्यांच्याकडे नजर टाकतात, खोलीत माग खटखटत असतो, आणि माती परत टाका असं ते कधीच म्हणत नाहीत.