हिरवी गाडी हॉस्पिटलला

बस कंपनीने प्रत्येक मार्गाला वेगळा रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा डेपोत सगळ्यात आधी नाक मुरडलं ते कंट्रोलरबाईंनी. रोज सकाळी कुठली गाडी कुठल्या मार्गावर सोडायची, हे ठरवणं त्यांचं काम. आजवर सगळ्या गाड्या एकाच विटकरी रंगाच्या होत्या. पुढची पाटी बदलली की गाडी कुठेही पिटाळता यायची. आता जाहिरातवाले येऊन सांगून गेले होते की तळ्याचा मार्ग हिरवा, हॉस्पिटलचा केशरी, बाजाराचा निळा. नुसता पट्टा नव्हे, टपापासून चाकापर्यंत सगळी गाडी त्या रंगाची, आणि खिडक्यांच्या वर त्या मार्गावरच्या थांब्यांची नावं रंगवलेली.

"आणि गाडी बंद पडली की?" बाईंनी विचारलं.

"त्याच रंगाची दुसरी पाठवायची," जाहिरातवाला हसून म्हणाला. जणू गाड्या झाडाला लागतात!

पण पहिली हिरवी गाडी रंगाच्या शेडमधून बाहेर आली आणि बाई खुर्ची सोडून बाहेर आल्या. कालपर्यंत धूर ओकणारं ते खटारं आज उन्हात असं उभं होतं की फिटर हातातले पाने तसेच धरून बघायला आले. त्या घोळक्यात बाईंचा भाऊही होता. बाई रोज त्याला स्कूटरवरून खुर्च्या विणायच्या कार्यशाळेत सोडत, तेव्हा वाटेत तो डेपोत थांबे. दादा पन्नाशीला टेकला होता. वेताची वीण त्याच्या बोटांना एकदा दाखवली की पुरे, पण अक्षरं आणि आकडे त्याच्या डोक्यात कधी मुक्कामाला राहिलेच नाहीत. त्यामुळे जन्मात तो एकटा बसमध्ये चढला नव्हता.

त्याने गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "चिमे, ही कुठे जाते?"

डेपोत बाई असलेली ही बाई घरी चिमीच होती. "तळ्याकडे. तुझ्या कार्यशाळेवरून."

"नेहमी?"

"नेहमी," चिमी बोलून गेली.

त्या एका शब्दाने घरात रण माजलं. दादाने हट्टच धरला की आता तो एकटा जाणार. दोघांना लहानाचं मोठं केलेली आत्या कपाळाला हात लावून बसली. "हिरवं दिसलं की चढायचं, हे काय शहाणपण झालं? ठीक आहे, जाऊ दे. पण एकदा, फक्त एकदा जरी हा हरवला ना, तर त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल नाही. सांगून ठेवते!" चिमीने मान डोलावली. आत्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे तिला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी ती स्कूटरवरून लपतछपत मागे गेली. दादाने थांब्यावर हात वर केला, आणि ते एवढं थोरलं धूड त्याच्यासमोर येऊन अलगद थांबलं. दार आपोआप उघडलं. रात्री जेवताना तो घासही विसरला होता. "मी हात केला आणि ती थांबली! माझ्यासाठी!" आत्यासुद्धा पुन्हा पुन्हा तेच ऐकत राहिली. आपण रोज गाड्या सोडतो त्या कुणाच्या तरी आयुष्यात अशा येऊन उभ्या राहतात, हे चिमीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिला फार नवल वाटलं, आणि थोडी भीतीही.

भीती अशासाठी, की ते "नेहमी" खरं ठेवायची जबाबदारी आता तिच्यावर होती. निळ्या गाड्या केशरी मार्गावर जात, केशरी निळ्यावर, लोक बोटं मोडत. पण हिरवी गाडी चिमीने कधी इकडची तिकडे होऊ दिली नाही. "हिरव्या गाड्या बाईंच्या माहेरच्या आहेत," असं ड्रायव्हर एकमेकांना डोळा घालून म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी.

मग ती सकाळ उजाडली. हॉस्पिटलच्या दोन केशरी गाड्या पाठोपाठ मान टाकून बसल्या. थांब्याथांब्यांवरून फोन यायला लागले: म्हातारी माणसं ताटकळली आहेत, एक बाई पोटुशी आहे, काहीतरी करा. डेपोत एकच गाडी उभी होती, आणि ती हिरवी. चिमीने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं. पोटुशी बाई काही तिची कुणी नव्हती, पण म्हणून काय तिला उभी ठेवायची?

"हॉस्पिटलची पाटी लाव," ती ड्रायव्हरला म्हणाली. हा उंचापुरा माणूस, सगळे त्याला लंबू म्हणत. "आणि चौकातल्या थांब्यावर माझा भाऊ असेल, चौकडीच्या शर्टातला. त्याला सांग, ही तुझी गाडी नाही. सांगशील ना?"

"डोळ्यांत तेल घालून बघतो बाई."

लंबूने खरंच पाहिलं. चौकात गाडी उभी करून तो पुढच्या दारातून घसा ताणून ओरडला, "हॉस्पिटल! ही हॉस्पिटलला जाते!" पण सकाळी गारठा होता म्हणून आत्याने चौकडीच्या शर्टावर स्वेटर चढवला होता. आणि दादा नेहमीप्रमाणे मागच्या दाराने चढला. एवढी हिरवीगार गाडी समोर असताना कुणाच्या ओरडण्याकडे कोण लक्ष देतो?

थोड्या वेळाने कार्यशाळेच्या बाईंचा फोन आला, दादा आज येणार नाहीत का म्हणून. तिने काम मदतनिसाच्या हवाली केलं आणि स्कूटरला किक मारली. वाटेत तिला आत्याचा चेहरा दिसत होता, आणि घराच्या खिडकीशी नुसता बसलेला दादा.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी हिरव्या गाडीभोवती हीऽ गर्दी! तळ्याकडे जायला निघालेली कितीतरी माणसं तिथे येऊन पडली होती. एक चष्मेवाल्या बाई लंबूला धारेवर धरत होत्या.

"पाटी वाचायची ना बाई," लंबू कळवळून म्हणाला.

"पाटी केवढी, गाडी केवढी! अख्खी गाडी तळं तळं म्हणून ओरडतेय, तिचं ऐकू की तुमच्या पाटीचं?"

चिमी त्या माणसांकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, रंगावर भरवसा ठेवणारा तिचा भाऊ एकटाच. ही तर सगळी शिकलीसवरलेली माणसं होती, आणि तीही दादासारखीच डोळे मिटून चढली होती.

पण गर्दीत दादा नव्हता. गाडीतही नव्हता. "दादा!" ती ओरडली, आणि रस्त्यापलीकडच्या थांब्यावरून आवाज आला, "काय गं?"

तो बाकावर बसला होता, डबा मांडीवर घेऊन. रडलेला दिसत होता, पण डोळे पुसलेले होते.

"चिमे, गाडी हिरवी होती. मी नाही चुकलो. गाडी चुकली."

"गाडी नाही रे. मीच पाठवली तिला इकडे. लोक खोळंबले होते."

त्याने रस्त्यापलीकडच्या हिरव्या गाडीकडे पाहिलं. चिमीला वाटलं, आता संपलं सगळं. मग तो म्हणाला, "म्हणजे हिरवी हॉस्पिटलला येते कधीकधी. केशरी तळ्याला जाते?"

"जाईलही एखाद्या वेळी."

"मग रंग बघून कळत नाही."

"नाही कळत, दादा. चल, बस स्कूटरवर. सोडते तुला."

"नको." तो उठून उभा राहिला. "तू सोडलंस तर आत्या म्हणेल, हा हरवला."

समोरून परतीची केशरी गाडी येत होती. दादाने हात केला. दार उघडलं, पण तो चढला नाही. अनोळखी माणसाशी उभ्या जन्मात तो आपणहून बोलला नव्हता; दुकानदारासमोरही चिमीच्या मागे लपायचा. त्याने दांडा घट्ट धरला आणि मोठ्याने विचारलं, "ही गाडी कुठे जाते?"

"चौकात," ड्रायव्हर म्हणाला.

"तिथून तळ्याची मिळेल?"

"मिळेल की. या."

दादा चढला. खिडकीपाशी बसला आणि त्याने हाताने खूण केली: तू जा. चिमीचा हात स्कूटरच्या किल्लीवर होता. मागे जावं असं तिला फार, फार वाटलं. ती गेली नाही. केशरी गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती, आणि आपण आत्ता काय पाहिलं ते तिला कुणाला तरी सांगायचं होतं.

ती डेपोत पोचून पुन्हा खुर्चीत बसली, तरी लक्ष सगळं फोनकडे. शेवटी तो वाजला.

"तुमचे दादा आले बरं का," कार्यशाळेच्या बाई सांगत होत्या. "उशीर का झाला विचारलं, तर डबा आपटला आणि म्हणाले, दोन गाड्या बदलून यावं लागलं, या बसवाल्यांचं काही खरं नाही!"