गुणाकाराची दुर्बीण

ठाण्याच्या खाडीवर मी एका बगळ्याला शिंकताना पाहिलंय, तेही नुसत्या डोळ्यांनी. नका विश्वास ठेवू. आमच्या त्र्यंबकनेही ठेवला नव्हता. पण हे पुढचं खरं आहे.

त्र्यंबक कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा आणि रविवारी खाडीवर पक्षी बघायचा. बावन्न साली त्याच्या रेघा वाकड्या यायला लागल्या. साहेबांनी दोनदा कागद परत पाठवला. "डोळे गेले रे," म्हणत त्याने चष्मा बदलला. रेघा वाकड्याच. डोळ्यांना चष्मा मिळतो. हात बिघडला तर नोकरीच जायची. म्हणून दोष डोळ्यांचाच, हे त्याने ठरवून टाकलेलं. पक्षीही ओळखू येईनात तेव्हा म्हणाला, "दुर्बीण घेऊ. चांगली पॉवरची."

रविवारी तो, मंदाकिनीवहिनी आणि मी कल्याणला परशुरामच्या दुकानात गेलो. लढाईतला उरलेला लष्करी माल तिथे मिळायचा. परशुरामने तीन दुर्बिणी मांडल्या. प्रत्येकीवर दोन आकडे, मध्ये फुली.

"सहा तीस एकशेऐंशी, सात पन्नास साडेतीनशे, दहा पन्नास पाचशे," त्र्यंबक म्हणाला. पावकी-निमकीपर्यंत पाढे घोकलेला माणूस. फुली दिसली की गुणणारच. "ती पाचशेवाली द्या."

परशुराम हसला. "काका, गुणायचं नसतं. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या रुंदीचा."

"मग दहा पट. तीच द्या."

समोर पाण्याच्या टाकीवर घार बसलेली. त्र्यंबकने दुर्बीण लावली. "नाचतेय रे ही."

मी घेतली. घार इतकी जवळ आली की मी नाक मागे घेतलं. "जड आहे. माझ्याही हातात हलते," मी म्हणालो.

मग सात पन्नास. माझ्या हातात घार थांबली. त्याच्या हातात नाचतच राहिली.

"कल्याणच्या घारी वात्रटच," मी म्हणालो. "तबला ऐकला की ठेका धरतात."

कोणी हसलं नाही. त्र्यंबकने कोपरं टेबलावर टेकवली. त्याचा उजवा अंगठा दुर्बिणीच्या नळीवर आपला आपण टकटकत होता.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "घार स्वस्थ बसलीये."

"माहीत आहे मला."

त्याने दुर्बीण खाली ठेवली आणि हात कोटाच्या खिशात घातला.

"मग पाचशेवाली बांधू ना, काका?" परशुरामने डोळे मिचकावले.

"नको. सहा तीस द्या, हलकी आहे. हिच्यासाठी हवीय."

वहिनींनी जन्मात पक्ष्यासाठी मान वर केली नव्हती. त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला. "हो. मला केव्हाची हवी होती."

परत चालत निघालो. ठाकुर्लीच्या अलीकडे माळावर वहिनी थांबल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. "डोक्यावर तुरा आहे, पंखांवर काळेपांढरे पट्टे. कोण हो हा?"

"हुदहुद," तो न बघताच म्हणाला. "तुरा उघडला का?"

"उघडला."

त्र्यंबकने खिशातला हात बाहेर काढला.

"उद्या साहेबांना सांगतो."

"काय?"

"हाताचं."

वहिनींनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.