गुरुवारची फेरी

अनुपमाला पहिली शंका आली ती स्वेटरवरून.

उर्सुला व्हरांड्यात बसून लोकरीचा स्वेटर विणत होती. जाड, गळाबंद, पूर्ण बाह्यांचा. महाडला थंडीतही दुपारी पंखा लावावा लागतो, तिथे असला स्वेटर कोण घालणार? आणि माप तर लहान मुलीचं होतं. कोणासाठी, असं अनुपमाने सहज विचारलं तेव्हा उर्सुला म्हणाली, "समीक्षासाठी. तिला निळा रंग आवडतो." मग सुया थांबवून तिने विषय बदलला.

महाडहून पोलादपूरकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की हे बालगृह लागतं. एका ख्रिस्ती संस्थेने चालवलेलं. अनुपमा तिथे मुलींच्या बाजूची काळजीवाहक होती. उर्सुला आणि तिचा नवरा मार्टिन स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातले, त्यांच्या चर्चने सेवेसाठी पाठवलेले. पुण्यात राहून दोघे मराठी शिकून आले होते, त्यामुळे त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध असे. सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करून ते कामाला लागत. मार्टिन बोअरचा रुसलेला पंप खोलून बसे, मुलांच्या सायकलींचे पंक्चर काढी. उर्सुला मुलींच्या डोक्यातल्या उवा काढी, वेण्या घाली, खरजेला मलम लावी आणि मग स्वयंपाकघरात बनुबाईच्या शेजारी भाकऱ्या थापायला बसे. तिची भाकरी तव्यावर टाकताना हमखास फाटे. फाटलेल्या भाकऱ्या ती स्वतःच्या आणि नवऱ्याच्या ताटात वाढी.

बाजारात लोक काय काय बोलत ते अनुपमाला ठाऊक होतं. गोरे पोरं बाटवतात, फोटो काढून परदेशात पाठवतात, चांगली दिसणारी पोर एक दिवस नाहीशी होते. अनुपमा सगळ्यांना एकच उत्तर देई: मी रोज तिथे असते, पोरं शाळेत जातात, गणपतीत आरत्या म्हणतात, कोणी कुठे नाहीसं झालेलं नाही. तिने हे इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यावर विचार करायचंच सोडून दिलं होतं.

स्वेटरनंतर मात्र ती बघू लागली.

समीक्षा आठ वर्षांची, बोलकी, पुढचे दोन दात पडलेली. उर्सुला संध्याकाळी तिला एकटीलाच आपल्या खोलीत बसवून चित्रांचं पुस्तक दाखवी. एकदा अनुपमा दारावरून गेली तेव्हा ती पोर बर्फाला, गाईला, भाकरीला कुठल्याशा भाषेतले शब्द म्हणून दाखवत होती, आणि उर्सुला हळू आवाजात तिचे उच्चार सुधारत होती. बाकीच्या मुलींना इंग्रजी शिकवायची ती सगळ्यांना एकत्र बसवून. ही भाषा इंग्रजी नव्हती.

मग बनुबाईने कोठीघराचं सांगितलं. तांदूळ लवकर संपत होता. तेलाची पिशवीही कमी भरे. बनुबाईला वाटलं आपल्यावर आळ येईल, म्हणून ती आधीच बोलून मोकळी झाली. "गुरवारी कमी व्हतंय गो. मार्टिन दादा गाडी काढतो नं, त्याच्या सॅकेत काय असतंय ते बघ तू."

दर गुरुवारी जेवण झालं की मार्टिन मोटारसायकलवरून जाई. विचारलं तर म्हणे, महाडला काम आहे. अनुपमाचा नवरा राजेश टेम्पो चालवायचा, बिरवाडीच्या कारखान्यांचा माल उचलायचा. त्याने मार्टिनची गाडी एकदा महाड सोडून भलतीकडेच, वरंधला टपरीपाशी लावलेली पाहिली होती. घरी त्याने ते सांगितलं आणि वर म्हणाला, "तिथे वर वाड्यावस्त्या आहेत. तिथे लोकांना धरून काय चालवलंय बघायला पाहिजे. उद्या काही निघालं तर गाव तुला विचारेल, त्यांना नाही."

अनुपमाने त्याला गप्प केलं, पण तिला स्वतःला चैन पडेना. वरंध म्हटल्यावर तिच्या डोक्यात एकच नाव आलं होतं. समीक्षाची आजी रखमा वरंधच्या वरच्या वाडीतली. पोरीची आई वारलेली, बाप मुंबईला गेलेला, त्याचा ठावठिकाणा नाही, असं सांगून म्हातारीने पोर इथे आणून सोडली होती. सणावाराला येई, पोरीला करवंदं किंवा काकडी देई आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाई.

पुढच्या गुरुवारी अनुपमाने रजा घेतली. राजेशने तिला टेम्पोतून वरंधपर्यंत नेलं. बिरवाडी मागे पडून रस्ता चढायला लागला. टपरीसमोर फणसाच्या सावलीत मार्टिनची गाडी उभी होती. टपरीवाल्याला विचारायचीही गरज पडली नाही. तो आपणहून म्हणाला, गोरा वर रखमाकडे गेलाय, नेहमी जातो.

मार्टिन उतरताना दिसला तेव्हा अनुपमा टपरीच्या आत, पोत्यांच्या मागे सरकली. ज्या माणसाने तिच्या सासऱ्यांना आजारपणात स्वतः दवाखान्यात नेलं होतं, त्याच्यापासून ती लपत होती. याची तिला शरम वाटली. पण त्याच्या पाठीवरची सॅक रिकामी लोंबत होती, हेही तिने पाहिलं. गाडी उताराला लागल्यावर राजेशला टेम्पोजवळ थांबवून ती एकटीच वाडीची चढण चढली.

रखमा अंगणात तांदूळ पाखडत होती. अनुपमाला पाहून तिचे हात थांबले. घाईघाईने उठून तिने दाराला पाठ लावली आणि पोरीला काय झालं, म्हणून विचारलं. पोर बरी आहे, असं अनुपमाने सांगितलं, तरी ती दारातून हलेना. तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला, "येऊ दे गो आये तिला. कवापतुर लपवशील?"

आत एक तरुण माणूस भिंतीला टेकून बसला होता. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. तोंड पाहताच अनुपमाने ओळखलं. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी. तो प्रवीण होता, समीक्षाचा बाप.

तो सांगत गेला आणि अनुपमा ऐकत राहिली. मुंबईत बांधकामावर परांचीवरून तो पडला होता. पाय कापावा लागला. गावी परत आला तेव्हा पोर बालगृहात होती, आणि त्याने आईकडून वचन घेतलं की तिला काही कळू द्यायचं नाही. बाप मुंबईत कामाला आहे, हेच तिला बरं. पोरीला ताप आला तेव्हा मार्टिन रखमाला निरोप द्यायला वर आला आणि त्याने प्रवीणला पाहिलं. प्रवीणने त्याचे हात धरून विनवलं की कोणाला सांगू नका. मार्टिनने ते ऐकलं, आणि दर गुरुवारी तो तांदूळ, डाळ, तेल घेऊन येऊ लागला. बसायचा, बोलायचा, पायाची जखम धुऊन द्यायचा.

अनुपमाला हलकं वाटलं. एवढंच असेल तर खाली जाऊन मार्टिनची माफी मागायची, असं तिने मनात ठरवूनही टाकलं. पण प्रवीणचं सांगणं संपलं नव्हतं.

"मंग मागल्या म्हयन्यात त्यांनी इचारलं," तो म्हणाला. "आमाला पोरबाळ नाय. समीक्षाला आमी आमच्या देशात नेऊ, शिकवू, तुमी कबूल असाल तर कायद्याने करू."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"हो नाय बोललो. नाय पन नाय बोललो." तो आईने पाखडलेल्या तांदळाकडे बघत होता. "मानूस वाईट नाय तो. जबरदस्ती काय केली नाय. तांदूळ आधीपासनं आणतोय. पन इचारल्यापासनं घास गिळत नाय. नाय बोलायचं तर खायचं कुठल्या तोंडाने?"

रखमा दारातून म्हणाली की पोर तिथे डॉक्टरीण होईल, इथे काय होणार आहे. प्रवीणने तिच्याकडे पाहिलंही नाही.

खाली उतरल्यावर राजेशला अनुपमाने फक्त एवढंच सांगितलं की वर कोणी कोणाला बाटवत नाही. बाकीचं तिने आतच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मुली शाळेत गेल्यावर तिने उर्सुलाला कपडे वाळत घालताना गाठलं. वरंधला जाऊन आले, प्रवीणला भेटले, असं सांगितल्यावर उर्सुलाने हातातला ओला फ्रॉक परत बादलीत टाकला.

"आम्ही मुलीला चोरत नव्हतो, अनुपमा," ती म्हणाली. "आम्ही केवळ विचारलं."

"ज्याच्या चुलीवर तुमचा तांदूळ शिजतो, त्याला विचारलंत. तो नाही कसा म्हणेल?"

उर्सुलाने सांगितलं की दोघांनी पुष्कळ वर्षं मुलासाठी प्रार्थना केली होती. समीक्षा पहिल्यांदा आपणहून येऊन तिच्या मांडीवर झोपली, तेव्हा हेच उत्तर आहे असं तिला वाटलं. नियम तिला माहीत होते. बाप जिवंत आहे हे संस्थेला आणि अलिबागच्या बालकल्याण समितीला कळवायला हवं होतं, आणि बापाला असं परस्पर विचारायला नको होतं, हेही माहीत होतं. मार्टिन सुरुवातीला नको म्हणत होता. हट्ट तिचा होता.

अनुपमाने सांगितलं की आता हे संस्थेच्या सचिवांना कळलंच पाहिजे. उर्सुलाने रविवारपर्यंत मुदत मागितली, आम्हीच सांगतो म्हणाली. अनुपमाने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नाही. रविवारपर्यंत ती घरी गेली नाही. मुलींच्या खोलीत, समीक्षाच्या खाटेशेजारी तिने आपली चटई टाकली. मार्टिनने गाडी सुरू केली की ती खिडकीशी जाऊन उभी राही. उर्सुलाला हे दिसत होतं. समीक्षाला खोलीत बोलवायचं तिने बंद केलं. पोर दाराशी जाऊन उभी राही आणि परत येई.

रविवारी सकाळी फाटकात एक जीप आली. पुढे मार्टिन बसला होता. मागून त्याने आधी कुबड्या काढल्या आणि मग प्रवीणला हात दिला. रखमा लुगड्याचा पदर तोंडाशी धरून मागे उभी राहिली. सचिव पुण्याहून आले होते. मार्टिनने त्यांना आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं, हे अनुपमाला तेव्हा कळलं.

समीक्षा बनुबाईजवळ लसूण सोलत बसली होती. ती बाहेर आली, बापाच्या तोंडाकडे आणि मग दुमडून पिन लावलेल्या पँटकडे तिने पाहिलं.

"पप्पा, तुला सुट्टी भेटली?" तिने विचारलं.

"हां," प्रवीण म्हणाला. "लय दिवसांची."

ती जवळ गेली नाही, पण लांबही गेली नाही. थोड्या वेळाने तिने त्याची एक कुबडी उचलली आणि ती कशी धरायची ते विचारू लागली. उर्सुला व्हरांड्यात उभी होती. ती आत गेली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाही.

समितीने प्रवीणचा जबाब घेतला. पोर शाळेपुरती बालगृहात राहावी आणि सुट्टीत घरी जावी, असं ठरलं. संस्थेने त्याला नकली पाय मिळवून दिला आणि वरंधला टपरी टाकायला मदत केली. उर्सुला आणि मार्टिनला परत बोलावण्यात आलं. निघताना उर्सुलाने सगळ्या मुलींच्या वेण्या घातल्या, समीक्षाची इतरांसारखीच. अनुपमापुढे ती थांबली आणि म्हणाली, "तू चटई टाकलीस ते योग्य केलंस." अनुपमाने तिची बॅग उचलून जीपमध्ये ठेवली.

गावात मात्र गोष्ट वेगळीच फिरली. गोऱ्यांना पोरं विकताना पकडलं, रातोरात पळवून लावलं. अनुपमा परत लोकांना सांगू लागली की कोणी काही विकत नव्हतं. पण आता लोक तिच्याकडे निरखून बघत. तुला काय देऊन गेले ते, असं एका बाईने बाजारात सरळ विचारलं. राजेशलासुद्धा टेम्पो स्टँडवर टोमणे ऐकावे लागले. खरं काय झालं ते पूर्ण सांगायचं तर प्रवीणचं आणि उर्सुलाचं घरचं दुःख चव्हाट्यावर मांडावं लागलं असतं. ते तिने केलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत समीक्षाला सोडायला अनुपमा वाडीवर गेली. पोर चढणीवरूनच बापाला हाका मारत पुढे पळाली. रखमाने अनुपमाला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. ती समोर उभीच राहिली. म्हातारीची नजर अनुपमाच्या तोंडावरून हलत नव्हती.

"तुला सोताचं पोर हाय का गो?" तिने विचारलं.

अनुपमा म्हणाली, आहे, मुलगा आहे, आठवीत शिकतो.

"मंग तुला आमची पोर नको," रखमा म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.