विजेने पुसलेली उत्तर दिशा

मी एक जुने होकायंत्र आहे. आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरात एका म्हाताऱ्याचा इशारा दगडांचा अभ्यास करणाऱ्या माझ्या बाईंनी हसण्यावारी नेला, तिथून माझे दिवस फिरले.

मित्रांनो, बाईंना सगळे माखोत्सो म्हणत, म्हणजे खोत्सोची आई. लहानग्या खोत्सोला पाठीशी बांधून त्या कडे चढत. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटत होते, तेव्हा इथे लाव्ह्याचे थर साचले. निवताना प्रत्येक थराने त्या वेळची उत्तर दिशा धरून ठेवली. थरामागून थर तपासून ध्रुव कुठून कुठे सरकला ते बाई मांडत होत्या. मी दिशा दाखवायची, त्यांनी दगडावर रेघ मारायची, मगच तुकडा कापायचा.

ध्रुवाच्या या वाटेतला मधला थर तेवढा सापडत नव्हता. तो दिसला कड्याच्या टोकावर. तिथे गुरे राखणारे म्हातारे त्सेको, सगळ्यांचे न्ताते म्हणजे बाबा, म्हणाले, "लेकी, इथं वीज पडलीय. माझे दोन बैल गेले. या दगडाचं काही ऐकू नकोस."

"न्ताते, दगड तेवढे भित्रे नसतात. तुमचे बैलच बावळट."

"होते खरे. मेल्यावर शहाणे झाले."

त्या दगडाजवळ माझा काटा गरगरला. बाईंनी मला टिचकी मारली आणि रेघ ओढली.

प्रयोगशाळेत त्या थराचा एकेक तुकडा वेगळीच दिशा सांगू लागला. वीज दगडाची जुनी आठवण पुसते, हे बाई वर्गात शिकवत. तरी दोष माझ्यावर आला. वर्षभर मी कपाटात पडून होतो. काटा हलत होता, पाहणारे कोणी नव्हते.

मग बाईंनाच राहवेना. मला घेऊन त्या परत वर आल्या, खाली मान घालून. न्ताते उठून पुढे चालू लागले. वादळात गुरे जिथे दडतात त्या घळीत त्यांनी नेले. तोच थर तिथे होता, विजेपासून वाचलेला. माझा काटा स्थिर राहिला. ध्रुवाची वाट जुळली.

निघताना बाईंनी मला न्तातेंच्या हाती ठेवले.

आता बर्फ पडले आहे. बाकीचे गुराखी खाली उतरले. न्ताते कालपासून खोकत पडून आहेत. चूल थंड आहे, मक्याच्या लापशीचे पातेले कोरडे आहे. मित्रांनो, मला दिशा दाखवता येते, हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी वर या. न्ताते उठले का, तेवढे पाहा.