वृंदावनाखालचं झाकण

व्यंकटनं पहार उलटी धरून वृंदावनाच्या पायथ्याशी ठोकली. आवाज पोकळ आला. मैला उपसायची लॉरी फाटकाशी उभी करून तो सकाळपासून टाकीचं झाकण शोधत होता.

"सार, देवीलाच पहाऱ्यावर बसवलंत की," तो तमिळमध्ये म्हणाला.

विद्याधररावांना हसू आलं नाही. शोळिंगनल्लूरच्या या भुसभुशीत वाळूत घर बांधलं, तेव्हा कुमुदिनीबाईंना मागच्या अंगणात वृंदावन हवं होतं. जिथं बांधावं तिथं ते खचायचं. मग एक घट्ट जागा सापडली आणि दोघं हरखून गेली. ती घट्ट का, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

आता मोरीतून पाणी उलटं येत होतं, संडासात पाय ठेवता येत नव्हता. रस्त्यापलीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती चढत होत्या. गटाराची लाइन मात्र इकडे फिरकली नव्हती.

दुसरीकडे भोक पाडता येणार नाही का, त्यांनी विचारून पाहिलं. स्लॅबच्या सळ्या गंजल्यात, व्यंकट म्हणाला. भलतीकडे घाव घातला तर सगळंच आत जाईल.

घरातून हाक आली.

"अहो, काय फोडताहेत?"

"झाकण," ते म्हणाले. "टाकीचं झाकण काढताहेत."

कुमुदिनीबाईंची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात हरघडी त्यांना विद्याधररावांचा हात लागे. फक्त दिवेलागणीला त्या एकट्या अंगणात उतरत, वृंदावनाच्या कठड्यावर हात ठेवून ओवी गुणगुणत प्रदक्षिणा घालत. मागून आलात तर बघा, असा दमच दिलेला होता. तेवढा वेळ त्या कुणाच्या आधारानं चालणाऱ्या बाई नसत.

घण पडला. विद्याधररावांनी तुळस मुळासकट काढून रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली. लॉरी बराच वेळ घरघरली. जाताना व्यंकटनं झाकण परत बसवलं आणि यावर पुन्हा काही बांधू नका म्हणून बजावलं. अंगणात वास उरला, विटांचे तुकडे उरले.

वृंदावन फोडल्याचं सांगायला हवं होतं. जेवताना, चहाच्या वेळी, ते दुसरंच काहीबाही बोलत राहिले. मग दिवेलागणीला आतून बांगड्या वाजल्या, मागचं दार सरकलं.

त्यांना दुसरं काही सुचेना. मांडीवर डबा घेऊन ते झाकणावर जाऊन बसले.

ओवी पायरी उतरली, जवळ आली. नेहमीच्या जागी हात पुढे झाला आणि पोकळीत गेला. ओवी थांबली.

हात हळूहळू खाली आला. बोटांना सदऱ्याची कॉलर लागली, खांद्याचं हाड लागलं, मग तुळशीचं पान.

"कठडा फार खाली आलाय," त्या म्हणाल्या.

विद्याधररावांनी डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

हात पाठीवरून सरकत दुसऱ्या खांद्यावर आला. ओवी जिथं थांबली होती, तिथून पुढे निघाली. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. पण आता इथून उठायचं कसं, ते त्यांना कळेना.